फुलाला नाही म्हणू नये

"आपलं वावर मांगं राह्यलं वाटते," द्वारकाबाई म्हणाली आणि ऑटोतून वाकून मागचा रस्ता पाहू लागली.

वावर मागं राहिलं नव्हतं. ऑटो जिथं थांबायचा तिथंच थांबला होता. उजव्या हाताला शेजारच्या सुधाकररावांची तूर, डाव्या हाताला तळ्याकडे जाणारी वाट आणि समोर मारोतीनं स्वतः ठोकलेलं लाकडी बल्ल्यांचं फाटक. फाटक सताड उघडं होतं आणि आत सगळं हिरवं होतं.

ते तसं असायचं कारण नव्हतं. काल सकाळी नवराबायको वांकिडीला, मारोतीच्या बहिणीच्या सासूच्या तेरवीला निघाले, तेव्हा एकरभर झेंडू पिवळाधमक उभा होता. आज दुपारी तो तोडायचा, संध्याकाळी टेम्पोत भरायचा आणि दसऱ्याच्या बाजाराला आदिलाबादला न्यायचा, असं सगळं ठरलेलं होतं. तोडणीच्या बाया सांगून ठेवल्या होत्या. वांकिडीहून येताना मारोतीनं पोतीसुद्धा आणली होती.

ऑटो निघून गेला. मारोती आत शिरला, पहिल्या सरीच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि पोत्यांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडू लागला. एक पोतं झटकून त्यानं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर नीट अंथरलं.

"काय करून राह्यले तुमी?" द्वारकाबाईनं विचारलं.

"बाया येतीन ना आता तोडाले."

"काय तोडतीन?"

मारोतीनं दुसरं पोतं झटकलं आणि पहिल्याशेजारी अंथरलं. डोकं बंद पडलं तरी हात आपलं ठरलेलं काम करत राहतात, तसं त्याचं झालं होतं. तिसरं पोतं अंथरताना त्याला चिखल दिसला. फूल ताजं राहावं म्हणून जाताना त्यानं पाणी देऊन ठेवलं होतं. त्या ओल्या काळ्या मातीत पावलंच पावलं होती. ती रानडुकराची नव्हती, रोह्याची म्हणजे नीलगाईचीही नव्हती. बायामाणसांची होती, मधूनमधून लहान पोरींचीही होती. झाडांचे शेंडे कळ्यांसकट मोडलेले होते आणि बरीच झाडं मुळासकट उपटून आडवी पडली होती. एका सरीत हिरव्या बांगडीचा तुकडा होता. द्वारकाबाईनं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि ती धुऱ्यावर बसली. तिला रडूही येईना.

या झेंडूवर काय अवलंबून होतं, ते आता सांगायला हवं. मारोती जन्मभर या एकरात वांगी, मिरच्या, मेथी लावत आला आणि नार्नूरच्या बाजारात ती विकत आला. विहीर सुधाकररावांशी सामाईक, एक दिवसाआड पाण्याची पाळी. एवढ्यावर त्यानं घर चालवलं आणि मुलाला, नागेशला शिकवलं. नागेश बेल्लमपल्लीला खाणीवर विजेच्या कामाला लागला. उन्हाळ्यात त्यानं तिथल्याच एका तेलुगू खाणकामगाराच्या मुलीशी, शिरीषाशी लग्न केलं. राहायला जागा नव्हती म्हणून सून सासूसासऱ्यांजवळ राहिली. पाऊस लागता लागता नागेशला दोन खोल्या मिळाल्या आणि तो गावी आला तो वेगळाच विषय घेऊन.

"एका एकरात आता काय राह्यलं बाबा? वावर सुधाकररावाले मक्त्यानं देऊन टाका आन् चला सगळे. तिथं वॉचमनचं काम पाहून ठेवलं तुमच्यासाठी."

मारोतीच्या ते वर्मी लागलं. ज्या मातीनं वाढवलं तिला पोरगं 'एका एकरात' म्हणत होतं. तो म्हणाला, "यंदाचा दसरा पाहाय. या एकरानं करून नाही दाखवलं तं मंग तू म्हनशीन तिथं येतो. मी बोललो तं बोललो."

मारोतीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं गावात म्हणत. द्वारकाबाईच्या मते त्यातला दगड तेवढा खरा होता. त्या शब्दापायी सूनही दसऱ्यापर्यंत गावीच थांबली, आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा भाजी सोडली आणि सगळ्या वावरात झेंडू लावला.

कौशल्याबाई टोपलं घेऊन आली तेव्हा धुऱ्यावर सगळी पोती ओळीनं अंथरून झाली होती. ती तोडणीच्या बायांची पुढारीण. फाटकातच तिचे पाय थांबले.

"म्हनजे तुमी इकला नाही हा झेंडू?" तिनं हळूच विचारलं. "मी सकाळधरनं मिरच्या तोडाले गेल्ती. रस्त्यानं बाया पराती भरभरून नेऊन राह्यल्या होत्या. मले वाटलं, तुमीच सौदा केला असन."

"कोनं देल्ला त्याईले?" मारोतीनं विचारलं.

कौशल्याबाईनं टोपलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तुमच्या सुनेनं. फाटक तिनंच उघडलं म्हनते. मंग एकीनं दुसरीले सांगतलं. खालच्या वाडीतल्या बी आल्या, वरच्या पाड्यावरल्या बी आल्या."

तेव्हा कुठं मारोतीच्या ध्यानात आलं, आज सद्दुला बतुकम्मा. गावातल्या तेलुगू बायांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. ताटात फुलांचे थरावर थर रचून मनोरा करायचा, भोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा आणि सांजेला तो तळ्यात सोडायचा. मारोतीचं वावर तळ्याच्या वाटेवरच होतं. पण एवढी वर्षं त्यात वांगी असायची आणि वांग्याची बतुकम्मा कोणी करत नाही.

"दिवाळीले तरी येईन का काही?" द्वारकाबाईनं विचारलं.

मारोतीनं एक मोडका शेंडा हातात घेऊन पाहिला. "एवढ्यात नाही धरत कळी," तो म्हणाला. मग त्यानं कौशल्याबाईला सांगितलं, "पोते उचलू लाग जरा."

घरी ओसरीवर शिरीषा पितळी ताट पुढ्यात घेऊन बसली होती. ताटात तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे पांढरे तुरे गोल रचत तिनं वीतभर मनोरा उभा केला होता. सासू दिसताच तिचं तोंड खुललं.

"आत्याबाई, पाहा ना, सरळ झाली का माझी बतुकम्मा?"

"झेंडू कोनाले देल्ला तू?"

"बायांना. सहासात आल्या होत्या फाटकाशी. देवीसाठी मागत होत्या." तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. "मी उघडलं. म्हटलं, घ्या. मग घरी आले, नैवेद्य करायचा होता. ताटभर ताटभर घेतलं असेल त्यांनी." तिनं सासऱ्याकडे पाहिलं. "मामाजी, तुम्हीच सांगितलं होतं ना? फुलाला नाही म्हणू नये."

मारोतीनं सांगितलं होतं. झेंडूची पहिली फुलं उमलली तेव्हा नव्या सुनेला वावर दाखवायला तो घेऊन गेला होता. तेवढ्यात कोणीतरी पूजेला फुलं मागायला आलं. सुनेसमोर मारोती जरा फुगला आणि म्हणाला, "देवासाठी कोनी फूल मांगलं तं आपल्या घरात नाही म्हनत नाहीत, बरं काय." आणि त्यानं स्वतःच्या हातानं फुलं तोडून दिली. पाच. त्या पाच फुलांची गोष्ट तो पुढं आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता. मारोतीच्या घरात देवाचं फूल म्हणजे पाच. शिरीषाच्या माहेरी देवाचं फूल म्हणजे परात. हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण विचारायची वेळच कधी आली नव्हती.

"वावरात काईच नाही राह्यलं, पोरी," द्वारकाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

शिरीषाच्या हातातला तुरा तसाच राहिला. "काहीच नाही म्हणजे?" ती उठली आणि अनवाणीच वावराकडे पळाली. परत आली तेव्हा ती चौकटीला धरून उभी राहिली. 

"सगळं कसं?" ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "सगळं कसं नेतील?" आमच्या कॉलनीत दहा घरच्या फुलांवर एक बतुकम्मा होते, एकाच दाराचं कोणी रिकामं करत नाही, असं काहीतरी ती अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत सांगत होती. मग एकदम म्हणाली, "मी त्यातलं एकही नाही घेतलं मामाजी. विकायचं होतं ना आपल्याला."

मारोतीनं ताटाकडे पाहिलं. तरवड होता, कुर्डू होता. सकाळी उठून माळावरून वेचून आणलेला. गावातली ती एकच बतुकम्मा असेल जिच्यात त्याच्या वावरातला झेंडू नव्हता. तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला आणि याच पोरीवर ओरडावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच झाल्यामुळं त्याच्या हातून काहीच झालं नाही.

संध्याकाळच्या बसनं नागेश आला. वाटेत वावर पाहूनच आला होता. पिशवी खाली न ठेवताच त्यानं विचारलं, "झेंडू कुठं गेला?"

शिरीषानं खाली पाहिलं. द्वारकाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात मारोती बोलला.

"देल्ला. बतुकम्माले. मीच सांगून गेल्तो देजो म्हनून."

"तुमी?" नागेश बापाकडे पाहतच राहिला. "लहानपनी म्या एक कळी तोडली तं तुमी काठी घेऊन वावरभर फिरवलं होतं मले."

"तवाची गोष्ट तवा."

"सगळा देल्ला?"

"हव. सगळा."

नागेशनं बायकोचा चेहरा पाहिला, मग बापाचा. बाप खोटं बोलताना मिशीवरून बोट फिरवतो, हे त्याला शाळेपासून माहीत होतं. मारोतीचं बोट मिशीवरच होतं. नागेशनं पिशवी खाली ठेवली.

"मंग आता?" तो एवढंच म्हणाला.

"मंग काय. बोलल्यापरमानं. दसरा झाला का येतो तुह्या मांगं."

फुलं गेली हे दुपारपासून त्याच्या डोळ्यांसमोर होतं. वावर गेलं हे त्याला आत्ता, स्वतःच्याच तोंडून कळलं. त्यानं भिंतीला हात टेकला आणि कोणाला दिसू नये म्हणून तिथली खुंटी उगाच हलवून पाहिली.

बाहेर बाया ताटं डोक्यावर घेऊन तळ्याकडे निघाल्या होत्या. शिरीषा उठेना. ती म्हणाली, मी नाही जात, कोणत्या तोंडानं जाऊ. नागेशनं सांगून पाहिलं, द्वारकाबाईसुद्धा म्हणाली, "जाय वं, सनाच्या दिवशी बसू नये." ती जागची हलली नाही.

मारोती उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या ओंजळीत झेंडू होता. विहिरीजवळ मोटारीच्या खोलीमागं दोन झाडं कोणाच्या नजरेतून सुटली होती. त्यानं फुलं शिरीषाच्या ताटाजवळ ठेवली. पाच होती.

"हे लाव वर."

"नको, मामाजी."

"देवासाठी हाय," मारोती म्हणाला. "नाही म्हनू नये."

तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग डोळे पुसून तिनं ती पाच फुलं तुऱ्यांच्या वर, एकाशी एक लावून बसवली.

तळ्यावर पोचल्यावर मारोती थबकला. त्याचा एकर तिथं उभा होता. काठावर जिथं पाहावं तिथं झेंडू, कमरेइतक्या उंच बतुकम्मा, त्यांच्याभोवती नव्या साड्यांतल्या बाया टाळ्या वाजवत वाकत होत्या, उठत होत्या. म्हातारी राजव्वा फेरातून बाहेर आली आणि तिनं मारोतीचा हातच धरला. तुझी सून गुणाची आहे, ती तेलुगूत सांगू लागली, माझ्या जन्मात गावानं एवढी मोठी बतुकम्मा पाहिली नव्हती, देवी तुझ्या वावरात सोनं पिकवील. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यात कपटाचा लवलेश नव्हता, आणि तेच मारोतीला सोसेना. चोर असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मान हलवली.

एकेक बतुकम्मा पाण्यात उतरली. शिरीषानं गुडघाभर पाण्यात जाऊन आपली सोडली. ती लहानशी, तरवडाची. मोठ्यांच्या लाटेनं ती आधी डगमगली, मग पिवळ्या गर्दीत शिरली. सगळीच फुलं मारोतीची होती, पण तो एवढ्या पाचांवरच नजर लावून उभा राहिला. ती दिसेनाशी झाली तेव्हा नागेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चला बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागेश उठला तेव्हा बापाचं अंथरूण रिकामं होतं. सुधाकररावांशी मक्त्याचं बोलायला गेले असतील, असं त्याला वाटलं. त्यांच्या घरी विचारलं तर तिथं कोणी आलं नव्हतं. मग तो वावराकडे गेला.

मोटार चालू होती. मारोती फावडं घेऊन सरीत उभा होता. आडवी पडलेली झाडं तो एकेक उचलत होता, मुळाशी माती दाबत होता आणि पुढं सरकत होता. पाणी त्याच्या घोट्यांभोवतून मोडक्या झाडांकडे जात होतं.

"बाबा," नागेश फाटकातूनच म्हणाला, "आता कोनासाठी पानी देऊन राह्यले?"

मारोतीनं वर पाहिलं नाही.

"आज पाळी आपली हाय," तो म्हणाला, आणि त्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं.