बाबांची कासवं

आळेफाट्याचं दुकान काकांवर सोपवून बाबा दर हिवाळ्यात कोकणातल्या या गावी कासवांची अंडी राखायला यायचे. माझा मुलगा झाला तेव्हाही ते इथेच होते. ते गेल्यावर मी पहिल्यांदा हा किनारा पाहिला.

"भाऊ सूर्य बुडायच्या आत जेवायचे. त्यांचं पातेलं आम्ही वेगळं ठेवलेलं, कांदालसणाशिवाय," बाबांच्या इथल्या खोलीशेजारच्या ताहेराचाची त्यांच्याबद्दल कौतुकानं म्हणाल्या. हिवाळाभर घरी त्यांची वाट पाहिलेल्या मला ते ऐकवेना.

किनाऱ्यावर अंधार पडू लागला. चाचींनी वाळूतल्या घरट्यावरची टोपली उचलली, पिल्लं समुद्राकडे निघाली. मी मोबाइलचा दिवा लावला. एक पिल्लू उजेडाकडे वळून माझ्या पायाशी आलं.

"बत्ती बंद कर, बेटा. वाट चुकतात ती."

बाबांनी फोनवर मला तेच सांगितलं होतं. तरीही ते पिल्लू पायाशी असताना दिवा बंद करायला मी वेळ लावला.