नऊ ओळींची सेवा

आमच्या संगीतशाळेत आम्ही सहा जण शिकवायचो. शाळा म्हणजे चपलांच्या दुकानावरचा मजला. चार खोल्या, एक लांब व्हरांडा आणि मागे वाद्यं दुरुस्त करायची एक कोंदट खोली. मी लहान मुलांना पियानो शिकवायचे. सगळे मला ताई म्हणत, माझ्याहून मोठ्या बायकासुद्धा.

शाळेला पंचवीस वर्षं होत आली, तेव्हा शाळा चालवणाऱ्या मॅडमनी ठरवलं की दारातच शिक्षकांचा एक मोठा फलक लावायचा. "पालक आले की पहिला प्रश्न तोच. शिकवणारे कोण, कुणाकडे शिकलेत? रोज तोंडानं सांगत कोण बसेल?" प्रत्येकाचा फोटो आणि खाली नऊ ओळी. नऊच, कारण फलक रंगवणारा म्हणाला दहावी बसत नाही. मजकूर गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही.

ड्रम शिकवणाऱ्यानं लिहून दिलं, 'पत्र्याच्या कारखान्यात कामाला होतो, तिथंच हात बसला. बाकी शेजाऱ्यांना विचारा.' गाण्याच्या बाईंनी तीन पानं दिली, त्यात चौथीत मिळालेला कपही होता. गिटारवाल्यानं नुसती जन्मतारीख दिली. सुतारमामांनी एका पावतीच्या मागे लिहिलं, 'व्हायोलिन. या शाळेत वीस वर्षं. दुरुस्तीही करतो.'

सुतारमामा मुळात सुतारांच्या घरातले, म्हणून माझे वडील त्यांना सुतार म्हणायचे. शाळेतल्या मुलांनी त्याला मामा जोडलं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण बघणाऱ्याला मोठे वाटत. व्हायोलिनला नवीन आलेली मुलं त्यांच्याकडे जात. जरा हात बसला की मॅडम ती मुलं काढून अत्तरकडे देत.

अत्तर म्हणजे आमचे वरच्या वर्गाचे व्हायोलिनचे सर. ते जिना चढायला लागले की वरच्या खोलीत वास यायचा, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. दोघंही माझ्या वडिलांचे शिष्य. वडिलांना गावात सगळे मास्तर म्हणत.

अत्तरचा कागद शेवटी आला. जाड, पिवळसर, टाइप केलेला, नऊच्या नऊ ओळी मोजून. मी तो दुपारच्या चहाबरोबर वाचायला घेतला.

'मास्तरांच्या घरी राहून विद्या घेतली. अखेरच्या आजारपणात एकोणीस महिने त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. त्यांचं मलमूत्र याच हातांनी काढलं आणि याच हातांत त्यांनी आपली कला ठेवली.'

  मी उठून मोरीपाशी गेले आणि चहा ओकले.

कारण ते एकोणीस महिने मी त्याच घरात होते. मास्तरांची डावी बाजू लकव्यानं गेली होती. डाव्या हाताची बोटं गेली म्हणजे व्हायोलिन गेलं, पण जीभ शाबूत होती. आई आधीच वारलेली. मी चोवीस वर्षांची. मास्तरांच्या खोलीत पाऊल टाकलं की लघवीचा, औषधाचा आणि आंबलेल्या अंगाचा वास नाकात बसायचा आणि मला शिसारी यायची. स्वतःच्या बापाची. मी दार ओढून घ्यायचे आणि पुढच्या खोलीत पियानो वाजवत बसायचे, जोरात, म्हणजे आतून मारलेली हाक ऐकू आली नाही असं म्हणता यावं.

आत जायचा तो सुतार. अठरा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून आला आणि सामान आणणं, झाडणं, पाणी भरणं करत घरातच राहिला होता. भांडं तोच द्यायचा, कूस तोच बदलायचा, बादल्याच्या बादल्या चादरी तोच धुवायचा.

आणि अत्तर? तो रविवारी यायचा, बापाच्या गाडीतून, सफरचंदांची पेटी घेऊन. उंबऱ्याशी थांबून आधी रुमालावर अत्तर शिंपडायचा, रुमाल नाकाला लावायचा आणि मग आत यायचा. पलंगापासून तीन हातांवर खुर्ची. तो आला की मास्तर म्हणायचे, "सुतार, तू चादरी घेऊन मागे जा. दार लावून घे रे." मग दोन तास शिकवणी चालायची. अत्तरच्या बापानं आमच्या घराचं भाडं माफ केलेलं होतं.

मी कागद घेऊन अत्तरच्या वर्गात गेले. मुलं नुकतीच गेली होती.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"आवडलं ना? लिहिताना माझेच डोळे भरून आले, ताई."

"तुम्ही मास्तरांच्या अंगाला बोट तरी लावलं होतं का?"

त्यांनी व्हायोलिनवरची राळेची भुकटी फडक्यानं हळुवार पुसली. "शरीरानं नसेन. मनानं मी तिथंच होतो. भावना बघा ना. आणि तुम्ही तरी कुठं आत जात होतात?"

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आवाज मऊ, लोण्यासारखा. मला त्या मऊपणाची इतकी किळस आली की दाराची कडी धरून उभी राहिले. खरं तर किळस यायला आणखी एक कारण होतं. ते म्हणाले त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं.

मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "ताई, छान आहे की. लोकांना असलं आवडतं. नगरपालिकेचे साहेब येणार आहेत, त्यांच्याकडून जागेचा करार वाढवून घ्यायचा आहे. तुम्ही कशाला फाटे फोडता?"

"पण हे खोटं आहे. हे सगळं सुतारमामांनी केलंय."

"मग त्यांनी का नाही लिहिलं?" मॅडम म्हणाल्या. हा प्रश्न मला बरोबर वाटला. म्हणून मी मागच्या खोलीत गेले.

सुतारमामा एका छोट्या व्हायोलिनच्या फुटलेल्या पाठीला सरस लावत होते. मी कागद पुढे धरला. त्यांनी हात न पुसता, लांबूनच वाचला. हसले नाहीत, चिडलेही नाहीत.

"लिहू दे त्याला."

"लिहू दे काय? मी तुमच्या ओळींत खरं काय ते घालते."

"अजिबात नाही." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "ताई, तुम्हाला काय वाटतं, मी ते भक्तीनं केलं? मला रोज घाण वाटायची. सकाळी पहिलं काम आटपलं की मी मागच्या भिंतीशी जाऊन ओकायचो. मला जायला दुसरं घर नव्हतं. आणि मास्तर म्हणायचे, जरा बरं वाटू दे, मग तुझा गजाचा हात सुधारतो. एकोणीस महिने म्हणत होते. एक दिवस शिकवलं नाही. जे आलं ते दाराबाहेर उभं राहून, ओली चादर हातात धरून ऐकलं तेवढं."

मी कागदाची घडी घातली.

"उद्या एखादं पोर तो फलक वाचेल," ते म्हणाले, "आणि त्याला वाटेल, शिकायचं म्हणजे असंच असतं. कुणाचं तरी भांडं उचलायचं, मग तो विद्या देतो. माझ्या नावाखाली हे नको. त्याच्या नावाखाली राहिलं तर राहू दे, खोटं तरी आहे."

मी त्यांना तसं वचन दिलं. तुमचं नाव घेणार नाही, असं मी म्हणाले.

फलक लागला. कार्यक्रमाला व्हरांड्यात साठ खुर्च्या मांडल्या होत्या. नगरपालिकेचे साहेब, पालक, जुने विद्यार्थी. शिक्षकांच्या वतीनं बोलायला अत्तर उभे राहिले. पाच मिनिटं बरं बोलले. मग त्यांना चेव चढला. फलकावर नसलेल्या गोष्टीही निघायला लागल्या. मास्तर रडायचे तेव्हा मी त्यांचे डोळे पुसायचो. मास्तरांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या मी धुवायचो. एकदा तर मास्तर म्हणाले, तू माझा पोटचा मुलगा.

त्या जखमा मला माहीत होत्या. दाराच्या फटीतून एकदाच पाहिल्या होत्या. त्या जखमा हा माणूस अंगावर दागिन्यासारख्या घालून उभा होता. समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. शेवटी त्यानं आपले दोन्ही हात, गुबगुबीत, नखं कापलेले, लोकांना दाखवायला वर धरले आणि गळा काढला.

मला कळायच्या आत मी उभी होते.

"ते हात खोटे आहेत," मी म्हणाले. आवाज चिरकला. "मास्तर माझे वडील. यांनी त्यांना कधी हात लावला नाही. नाकाला रुमाल लावून बसायचे. मीसुद्धा हात लावला नाही, मला घाण वाटायची. ज्यानं सगळं केलं, त्याला मास्तरांनी फसवलं. शिकवतो शिकवतो म्हणून राबवून घेतलं आणि ज्याच्या बापाचं घर होतं त्याला शिकवलं. माझे वडील मोठे वादक होते. माणूस म्हणून नीच वागले."

 अत्तरचे हात अजून वरच होते. मग साहेबांनी घड्याळ पाहिलं, मॅडमनी चहा सांगितला आणि सगळे जिवावरचं संकट टळल्यासारखे बिस्किटांकडे धावले. एक जुना विद्यार्थी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, घरातलं घरात ठेवायचं हो." अत्तरभोवती घोळका जमला होता. ते खिन्नपणे हसत सांगत होते, "वडील गेल्यापासून त्यांच्या मनावर परिणाम झालाय. मी राग मानत नाही."

मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण साठ माणसांत डोकी असतात. मास्तरांच्या घरी त्या काळात आणखी कोण राहत होतं, हे शोधायला कुणाला वेळ लागला नाही. चहा संपायच्या आत निम्मे लोक मागच्या खोलीच्या दाराकडे वळून बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते मी कल्पनेतही आणलं नव्हतं. दोन पालक सुतारमामांच्या वर्गात शिरून म्हणाले, तुम्ही देवमाणूस आहात. एकानं आपल्या मुलीला पुढे ढकललं, "बघ, असं करावं लागतं तेव्हा कला येते." आणि मंगळवारी एका आईनं मॅडमकडे जाऊन हळूच विचारलं की मामा मुलांची बोटं तारांवर धरून बसवतात, तर ते हात वगैरे नीट धुतात ना. बावीस वर्षांपूर्वीच्या कामासाठी! मॅडमनी हे मला हसत हसत सांगितलं. वर म्हणाल्या, "मी साबण ठेवलाय त्यांच्या वर्गात."

मी तडक मागच्या खोलीत गेले. सुतारमामा आपली पटाशी, कानस, सरसाचे डबे एका खोक्यात भरत होते.

"मामा, मी नाव घेतलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मला सहन झालं नाही. तो तिथं उभा राहून..."

"तुम्हाला सहन झालं नाही," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तेव्हाही तुम्हाला सहन होत नव्हतं, म्हणून तुम्ही पियानो वाजवायचात. परवा सहन झालं नाही, म्हणून बोललात. दोन्ही वेळा बादली माझ्याच हातात आली, ताई."

त्यांनी खोका उचलला. मी दार धरून उभी होते, बाजूला झाले. मदतीला हात पुढे करायचं धाडस झालं नाही.

मॅडमनी माझ्याकडे माफीचं पत्र मागितलं. साहेबांना आणि अत्तरना एकेक प्रत. मी राजीनामा लिहिला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "अक्षर मात्र सुंदर आहे हं तुमचं." जागेचा करार दहा वर्षांसाठी वाढला. फलक तसाच आहे, फक्त सुतारमामांच्या आणि माझ्या फोटोंवर पांढरा रंग मारलाय. अत्तरच्या वर्गाला आता नावं नोंदवून थांबावं लागतं.

सुतारमामांनी बस डेपोच्या मागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. संध्याकाळी तिथंच पाचसहा मुलांना शिकवतात. मी एकदा गेले होते. म्हटलं, माझ्याकडे घरी येणारी पियानोची मुलं आहेत काही, ताल कच्चा आहे, इथं बसवू का तुमच्या मुलांबरोबर? त्यांनी मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "नको, ताई. राग नाही. पण तुम्ही समोर आलात की मला त्या घराचा वास येतो."

मी पाणी प्यायले आणि उठले. मला त्यांचं म्हणणं पटलं. माझा मलाही तोच वास येतो. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मी घरच्या पियानोसमोर बसते, पहिलं पोर येऊन शेजारी टेकतं, आणि आपण याच्या जरा जास्तच जवळ बसलोय असं वाटून मी खुर्ची थोडी मागे सरकवते.