पापणीचं माप

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दवाखान्याच्या आतल्या खोलीत सहा आठवड्यांच्या एका मुलीच्या मानेवर उपचार झाला. उपचार करणारा कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके हाताने जागेवर आणणारा, मुलीच्या आईचा सख्खा मामा होता. आदल्या आठवड्यात दवाखान्याचं शटर त्याच्या डोक्यावर आदळलं होतं.

मेंदूला धक्का बसलाय, काम काही दिवस बंद ठेवा, असं हॉस्पिटलने बजावलं होतं. तो तिसऱ्या दिवशी कामावर हजर. उजेड सोसत नव्हता, म्हणून पडदे ओढलेले असत. काउंटरवर त्याची बायको बसायची.

त्या सकाळी पहिला पेशंट एक ड्रायव्हर होता. अपघातात त्याच्याही डोक्याला मार लागला होता. आतलं बोलणं बायकोला ऐकू येत होतं.

"मान मी बघतो. पण गाडी इतक्यात चालवायची नाही. डोक्याच्या माराला घाई चालत नाही."

"घरी बसलो की बायको डोकं खाते हो, डॉक्टर."

"मग तर बरंच आहे. दुखायला काही उरणार नाही."

दोघेही हसले. ड्रायव्हर गेल्यावर डॉक्टरने दोन जबर वेदनाशामक गोळ्या पाण्याशिवाय गिळल्या.

"अहो, भाचीला आज येऊ नको म्हणून सांगू?" बायकोने विचारलं.

"ताई माझी सालं काढेल. पोर रात्रभर रडतंय. मामा कशाला आहे मग?"

"तुमचं डोकं..."

"डोकं दुखतंय. हात शाबूत आहेत."

तेवढ्यात ताई, त्याची मोठी बहीण, आली, मागून बाळाला घेऊन भाची.

"काय गं हा अंधार? दवाखाना आहे की गुहा?"

"ऊन फार येतं, वन्सं."

"बाहेर ढग आलेत," ताई म्हणाली आणि सरळ आत गेली.

भाची काउंटरपाशी रेंगाळली. "मामी, हॉस्पिटलवाले म्हणतात, रडणं आपोआप थांबेल. आईच मागे लागलीय. करू ना?"

मामीने आतल्या दाराकडे पाहिलं. "मामांना विचार," ती म्हणाली.

तान्ह्या बाळाला तो झटका देत नसे. बोटाच्या टोकाने दाबायचं, तेही आपल्या मिटलेल्या पापणीला सहज सोसेल इतकंच, असं तो शिकला होता. म्हणून प्रत्येक बाळाआधी तो स्वतःच्या पापणीवर बोट दाबून बघायचा. दुसरं माप त्याच्याकडे नव्हतं.

आजही त्याने डोळा मिटून बोट टेकवलं. मग जोर वाढवला. मग आणखी. दारात उभ्या बायकोला बोटाचं टोक पापणीत रुतलेलं दिसलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. गोळ्यांमुळे त्याला दुखणं जाणवतच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं.

"अहो."

"काय?"

"मध्येच काय गं!" ताई खेकसली. "त्याचं लक्ष विचलित करू नकोस."

"काही नाही," बायको म्हणाली.

बोट बाळाच्या कानामागे, मानेवर दाबलं गेलं. बाळ एकदाच किंचाळलं आणि मग गप्प झालं. थोड्या वेळाने त्याचे डोळे मिटले.

"बघ, झोपली!" ताई लेकीला म्हणाली. "आणि तू हॉस्पिटलचं कौतुक सांगत होतीस."

दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. "मामी, ती दूधच घेत नाहीये. मान उजवीकडे वळली की ओरडते."

"हॉस्पिटलला ने. आत्ता लगेच."

"का? काय झालं?"

"मामांनी गोळ्या घेतल्या होत्या. किती दाब पडतोय, ते त्यांना कळत नव्हतं. मी बघितलं."

पलीकडे बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"तुम्ही बघितलंत?" भाचीने विचारलं आणि फोन ठेवला.

नवरा दारात उभा होता. "हे तिला सांगायची काय गरज होती?"

"सकाळी होती," ती म्हणाली.

"लहान पोरं रडतातच. उद्या पुन्हा दूध पिईल, आणि मी मात्र जन्मभर नालायक ठरेन."

तिने पर्स उचलली आणि हॉस्पिटल गाठलं. ताईने तिला वॉर्डच्या दारातच अडवलं.

संध्याकाळी सातपर्यंत बाळाला एकाच बाजूने थोडं दूध पाजता आलं होतं. मानेचे एक्स-रे काढून झाले होते. डॉक्टरांनी बाळाला रात्रभर ठेवून घेतलं आणि आत्ताच काही सांगता येणार नाही, असं भाचीला सांगितलं.