जिवंत माणसाची भरपाई

रंगाऱ्याला ताप भरला त्या दिवशी त्याच्या जागी त्याच्याच खोलीत राहणारा लंबू कामावर गेला. परमुलखात तेलाच्या रिकाम्या टाक्या आतून रंगवायचं काम होतं. एक खाडा केला की दोन दिवसांचा पगार कापत, म्हणून खोलीतली माणसं अडीअडचणीला एकमेकांची कार्डं घेऊन जायची. पहारेकरी कार्ड बघायचा, तोंड नाही. लंबूची सुट्टी होती. "पडून राहा," तो म्हणाला. "बदल्यात पुढच्या आठवड्याचे माझे कपडे तू धुवायचे." स्वतःचं कार्ड त्यानं रंगाऱ्याच्या उशाशी टाकलं आणि त्याचं घेऊन गेला.

टाकीत उतरताना कार्ड बाहेरच्या फळीवर अडकवायचं असे. दुपारी आत कोंडलेल्या वाफेनं पेट घेतला. तिघं होते. ओळखण्यासारखं काही उरलं नाही, पण फळीवर तीन कार्डं होती, त्यामुळे कुणाला कोडं पडलं नाही.

रंगाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो तापात बरळू लागला तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं, उशाशी सापडलेल्या कार्डासकट. अकरा दिवसांनी तो शुद्धीवर आला तर परिचारिका त्याला लंबूच्या नावानं हाक मारत होती.

मुकादम भेटायला आला. खुर्ची ओढून बसला. "तू मेलास," तो म्हणाला. "पेटी तुझ्या घरी पोचली. सगळं उरकलंसुद्धा. भरपाईही गेली. बोंबाबोंब नको म्हणून कंपनीनं लगेच देऊन टाकली."

"पण तो लंबू होता!"

"ते तुला माहीत, मला माहीत. दुसऱ्याच्या कार्डावर माणूस आत सोडला म्हणून मी तुरुंगात जाईन, आणि तू माझ्या आधी. गुमान लंबू हो. काम तेच, पगार तोच. फक्त त्याच्या आईला दर महिन्याला पैसे गेले पाहिजेत. ते थांबले की ती चौकशी करणार."

महिन्याभरानं दवाखान्यातून सुटल्यावर रंगाऱ्यानं पहिला फोन घरी केला. वडिलांनी उचलला.

"आप्पा, मी."

आप्पा रडायला लागले, ऊर फुटून. "अरे माझ्या राजा! जिवंत आहेस रे!" ते रडणं खरं होतं. पुढेही रंगाऱ्यानं त्याबद्दल कधी शंका घेतली नाही.

मग दार लावल्याचा आवाज आला.

"आणखी कुणाला फोन केलास?"

"नाही."

"करू नकोस." आप्पांनी नाक शिंकरलं. "पैसे आलेत, पोरा. तू नऊ वर्षांत धाडलेस त्याच्या चौपट. धाकट्यानं दुकानाचा गाळा घेतला. ताईचं लग्न ठरलंय. वरच्या मजल्याच्या भिंती उठल्यात. आता तू जिवंत निघालास तर सगळं परत करावं लागेल. कुठून करू?"

"मग मी काय करू, आप्पा?"

"थोडे दिवस... आहेस तसा राहा."

"तिला द्या फोन."

बायकोचा श्वास आधी ओळखू आला.

"अहो," ती म्हणाली, "हळू बोला. बाहेर माणसं बसलीत भेटायला."

रंगारी पुन्हा टाकीत उतरू लागला. पगार झाला की लंबूच्या आईला पैसे पाठवायचा आणि फोन करायचा. पहिल्या फोनला त्यानं तोंडावर रुमाल धरला.

"आवाज का रे असा?" तिनं विचारलं.

"घसा बसलाय. तू जेवलीस का?"

पलीकडे सूप पाखडायचा आवाज थांबला. "जेवले," ती म्हणाली. "पैसे मिळाले."

सात महिन्यांनी आप्पांचा फोन आला. ते ताठ आवाजात बोलत होते, बोलायचं आधी पाठ करून ठेवल्यासारखे. "लोक बोलतात. घरात तरणी बाई. भरपाईत तिचा वाटा आहे; उद्या माहेरी गेली तर वाटाही गेला. धाकट्याशी तिचं लावून द्यावं म्हणतो."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, त्यांना विचारा. म्हणून तर फोन केला."

रंगारी गप्प राहिला. आप्पांनी दहापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ वाट पाहिली आणि मग ते म्हणाले, "बरं. मग तुझी हरकत नाही."

अपघातानंतर दोन वर्षांनी करार संपला. मुकादमानं फोटो बदलून दिलेल्या लंबूच्या पासपोर्टावर रंगारी मायदेशी उतरला आणि सरळ स्वतःच्या घरी गेला. ताप आणि टाक्यांनी तो अर्धा झाला होता, डोक्यावर केस राहिले नव्हते. शेजारच्या शिंप्यानं त्याला ओळखलं नाही. आप्पांनी दारातच ओळखलं आणि ते मोठ्यानं म्हणाले, "या, या! आमच्या थोरल्याबरोबर कामाला होते हे."

नव्या फरशीवर खुर्ची मांडली गेली. भिंतीवर त्याचाच फोटो होता. शिंपी पाठोपाठ आत येऊन बसला. "सोन्यासारखा पोरगा," तो म्हणाला. "जिवंत होता तेव्हा घर कसंबसं चालायचं, गेला आणि सगळ्यांचं भलं करून गेला. मेला हत्ती सव्वा लाखाचा म्हणतात ते खोटं नाही." धाकटा हसला. मग हसू आवरून खाली बघू लागला.

बायको पाणी घेऊन आली. तिला सहावा महिना असावा. तांब्या तिनं त्याच्या हातात न देता खाली ठेवला. मागून मुलगी डोकावली. तो शेवटचा सुट्टीवरून परत गेला तेव्हा ती रांगत होती.

"हे कोण?"

"काका आहेत," बायको म्हणाली. "पाया पड आणि आत जा."

बसथांब्यापर्यंत आप्पा सोबत आले. गाडी दिसल्यावर त्यांनी खिशातून तिकिटापुरत्या नोटा काढल्या. "पुन्हा येऊ नकोस," ते म्हणाले. "तुला बघून मला जेवण जायचं नाही." रंगाऱ्यानं नोटा घेतल्या. आता त्याच्या खिशात तेवढेच पैसे होते.

तो लंबूच्या गावी गेला. निदान एका माणसाला तरी खरं सांगायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. म्हातारी ओट्यावर धान्य निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं: ताप, कार्ड, फळी, पेटी. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच फोनला कळलं. माझ्या लेकानं जन्मात कधी मला जेवलीस का म्हणून विचारलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पैसे धाडले असतेस?" तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "दोन वर्षं रडले नाही मी. रडले असते तर शेजारी विचारायला आले असते. माझं पोरगं कुठल्या परक्या उंबऱ्यावर तुझ्या नावानं गेलं, तेही विचारता आलं नाही."

रंगारी तिच्या पायाशी बसला. त्याला हुंदका आवरेना.

"हळू," म्हातारी म्हणाली. "भिंती पातळ आहेत." मग थोड्या वेळानं, सूप पाखडत, तिनं विचारलं, "नवा करार कधीपासून आहे?"

पुढच्याच महिन्यात तो परत गेला, लंबूच्याच नावानं.