वरच्या रानाची परवानगी

कोर्टाचा निकाल लागल्यापासून मॅलकी गेराटी बायकोशी कुत्रीमार्फत बोलत होता.

"बॅन," चुलीपाशी बसून तो म्हणायचा, "तुझ्या मालकिनीला सांग, बटाटं कच्चं हाईत."

"बॅन," डिंपना मागं न वळता म्हणायची, "मालकाला म्हनावं, कच्चं असतील तर उद्या आपलं आपन शिजवावं."

बॅन दोघांकडे आळीपाळीनं बघायची. जन्मभर गुरं वळवलेली कुत्री होती ती, पण या दोघांना एका वाटेला लावणं तिच्याही आवाक्याबाहेरचं होतं.

भांडण होतं वरच्या रानाचं. गॉलवेच्या त्या भागात पाऊस आभाळातून पडतो तो वेगळा, आणि हिवाळ्यात पाणी जमिनीतून वर येतं ते वेगळं. खाली सगळा चुनखडीचा दगड, भोकांनी पोखरलेला. डिसेंबर लागला की भोकांतून पाणी मुकाट्यानं वर चढतं आणि गेराटींची सगळी जमीन तळं होऊन जाते. बदकं येतात. शहरातली माणसं दुर्बिणी घेऊन बदकं बघायला येतात आणि 'काय सुंदर!' म्हणून परत जातात. कोरडं राहायचं ते फक्त वरचं रान, सात एकर. मॅलकीची अकरा गुरं हिवाळाभर त्याच्यावर जगायची.

आणि ते रान मॅलकीचं नव्हतं. टेकडीवरच्या मोठ्या घरातल्या मिस ऑर्म्सबीचं होतं. एकतीस वर्षांपूर्वी तिथं नुसतं लव्हाळं माजलेलं. मॅलकीनं हातांनी चर खणले, दगड वेचून बांध घातला, फाटक बसवलं. म्हातारीनं कधी कागद केला नाही, कधी भाडं मागितलं नाही. मग ती वारली आणि इंग्लंडातल्या भाच्यानं, रूपर्टनं, पत्र पाठवलं: रान रिकामं करावं.

मॅलकीचा वकील क्विल्टी हे पत्र वाचून चक्क खूश झाला होता.

"मॅलकी, बारा वर्षं परवानगीशिवाय, उघडपणे, मालकासारखं रान वापरलं की ते तुझं. कायदाच आहे. तुझी तर एकतीस झाली."

"म्हंजी चोरी केली तर माझं?"

"चोरी म्हणू नकोस. ताबा म्हण."

"आनि इचारून वापरलं असलं तर?"

क्विल्टीनं चष्मा काढला. "तर तो नुसता परवाना. एकतीस वर्षं वापर नाहीतर तीनशे, मालक म्हणाला ऊठ की उठायचं. म्हणून दोघांनाही सांगतो, कोर्टात विचारलेल्याचं उत्तर द्या. न विचारलेल्याचं देऊ नका. कुणी परवानगी घेतली असेल, तर मला ते ऐकायचं नाही."

मॅलकीनं डिंपनाकडे पाहिलं. डिंपनानं खिडकीबाहेर पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे हंस होता.

दर नाताळच्या आठवड्यात डिंपना आपल्या पाळलेल्या हंसांतला सगळ्यात जाड हंस मानगूट मुरगळून, पिसं काढून, स्वच्छ फडक्यात बांधून मोठ्या घराच्या मागल्या दाराशी न्यायची. म्हणायची, "बाईसाहेब, वरचं रान यंदाबी ऱ्हाऊ द्या आमाला." म्हातारी हंस चाचपून म्हणायची, "राहू दे, राहू दे." एकतीस हंस. तिथं तिसरं कुणी नसायचं. म्हातारी आता मातीखाली होती आणि हंस बोलत नाहीत.

कोर्टात मॅलकी बरा बोलला. चर किती खोल, बांध किती लांब, सगळं सांगितलं. क्विल्टी पेन्सिल फिरवत बसला होता, जिंकलेल्या माणसासारखा. मग डिंपना साक्षीला उभी राहिली, चर्चला घालायचा कोट घालून.

रूपर्टची वकीलबाई मऊ आवाजाची होती. तिला हंसाचा पत्ताच नव्हता. ती आपली अंधारात दगड मारत होती.

"मिसेस गेराटी, मिस ऑर्म्सबी एकटी होती ना? म्हातारी, अर्धी बहिरी?"

"व्हय, बिचारी."

"आणि तिच्या पाठीमागं तुम्ही तिचं रान बळकावलंत."

"पाठीमागं?"

"तिला न विचारता. एकट्या बाईची जमीन, एक शब्द न बोलता. गावात याला काय म्हणतात, मिसेस गेराटी?"

डिंपनाच्या गळ्यापासून लाली चढू लागली. मॅलकीला ती लाली चांगली ओळखीची होती. तो बाकावर अर्धा उठला.

"आमी चोर न्हाई!" डिंपना कडाडली. "माझी आई, माझी आजी, कुनी कुनाचं न इचारता गवताचं पातं घेतलं न्हाई! दर नाताळला जाऊन इचारलंय मी! हंस दिलाय! एकबी साल चुकलं न्हाई, न्युमोनिया झाला तवाबी गेले मी!"

क्विल्टीची पेन्सिल थांबली.

"दर वर्षी विचारत होता," वकीलबाई आणखीच मऊ आवाजात म्हणाली. "आणि त्या परवानगी देत होत्या?"

"व्हय तर! 'राहू दे, राहू दे' म्हनायच्या."

"आभारी आहे. मला आणखी काही विचारायचं नाही."

डिंपना ताठ मानेनं खाली उतरली. तिला वाटलं, आपण जिंकलो.

न्यायाधीश भला माणूस होता. निकालात त्यानं लिहिलं की वीस वर्षांत इतकी प्रामाणिक साक्षीदार आपण पाहिली नाही. आणि त्याच प्रामाणिकपणाच्या आधारे मॅलकीचा दावा फेटाळला.

गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं. शेजारचा टॉमी जो कुंपणावर रेलून म्हणाला, "डिंपना, रानीसारखी बोललीस बघ. रान गेलं, पर इज्जत ऱ्हायली. किती गुरं चरत्यात गं इज्जतीवर?"

ती बादली उचलून घरात गेली. तिथं कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. कुत्री काही विचारत नव्हती.

रूपर्टला त्या रानाचा काडीचा उपयोग नव्हता. त्यानं लेखी परवाना पाठवला: अकरा महिने गुरं चारावीत. मात्र पंधरा डिसेंबर ते पंधरा जानेवारी रान रिकामं असावं, म्हणजे पुढंमागं कूळ-बीळ लागायला नको. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'आत्या तुमच्या हंसाचं फार कौतुक करायची. प्रथा चालू राहावी.'

"बॅन," मॅलकी म्हणाला, "तिला सांग, हंसाला खायला घाल म्हनावं. मालक वाट बघतोय." आणि सही केली.

पंधरा डिसेंबरला त्यानं स्वतःच्या हातानं गुरं खाली आणली. पाणी तोवर अंगणाच्या कडेला लागलं होतं. अठरा तारखेला ते गोठ्यात शिरलं. गुरं गुडघ्याएवढ्या बर्फगार पाण्यात उभी राहून वरच्या रानाकडे बघत हंबरायची. वर गवत हिरवंगार. एक ससा चरत होता; त्याला परवाना लागत नव्हता.

वीस तारखेला सकाळी पॉली, कळपातली सगळ्यात थोरली गाय, जिथून पाणी वर येतं त्या भोकात पाय जाऊन पडली. पाय मोडला. दोघांनी दोर लावून ओढली, टॉमी जो पण धावून आला. तासभर ती मान वर धरून होती. मग तिनं ती खाली ठेवली. पाणी हातभरसुद्धा खोल नव्हतं.

टॉमी जो टोपी काढून मुकाट्यानं घरी गेला. त्याला बोलायला काही सापडलं नाही, हे गावात पहिल्यांदाच घडलं.

डिंपना उठली. ओल्या घागऱ्यानिशी तशीच वरच्या फाटकापाशी गेली आणि कडी काढायला लागली. कडी गंजलेली, बोटं बधिर. मागून मॅलकी आला. बॅन दोघांच्या मधे बसली.

"बॅन," तो म्हणाला, "तिला इचार, इचारलं का?"

डिंपना कडीशी झटत राहिली.

"न्हाई म्हनावं."

मॅलकीनं तिचे हात बाजूला केले, दगड घेऊन कडी ठोकली आणि फाटक उघडलं. दहा गुरं वर गेली. त्या संध्याकाळी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेराटींच्या घरात हंस भाजला गेला. चरबी दोघांनी पावाला लावून खाल्ली.

जानेवारीत पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. परवाना रद्द. रूपर्टनं दावा ठोकला होता. मॅलकीचा चष्मा पॉलीला ओढताना पाण्यात गेला होता. त्यानं पाकीट कुत्रीपुढं धरलं, मग थोडं थांबून बायकोपुढं धरलं.

डिंपनानं वाचलं, शाळेत वाचायची तसं, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून.

"'प्रतिवादींनी सदर जमिनीत मालकाच्या परवानगीशिवाय, मालकाच्या इच्छेविरुद्ध, दिवसाढवळ्या व उघडपणे प्रवेश करून ताबा घेतला आहे.'"

बाहेर गुरं वरच्या रानात चरत होती. किती दिवस, ते कोर्ट ठरवणार होतं. मॅलकी चौऱ्याहत्तरचा होता. क्विल्टीनं सांगितलेली ती बारा वर्षं मोजायला त्यानं बोटंही उचलली नाहीत.

"डिंपना," तो म्हणाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. बॅननं कान टवकारले, आणि आपलं काम नाही असं दिसल्यावर चुलीपाशी जाऊन आडवी झाली.

"काय?"

"परत वाच."