चौथं लेकरू

रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर पातळ काच ठेवली आणि तिच्या कडा व्हॅसलीनने बंद केल्या, की आतल्या पेशींना हवा मिळेनाशी होते. बहुतेक माणसांच्या पेशी तशाही गोलच राहतात. काहींच्या मात्र हळूहळू वाकू लागतात, त्यांना टोके फुटतात, आणि अखेरीस त्या ज्वारी कापायच्या विळ्यासारख्या दिसतात.

हे मी १९६१ च्या हिवाळ्यात वाचले. अमरावतीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि बोटीने येणारी, आमच्यापर्यंत पोहोचता पोहोचता कित्येक महिने जुनी झालेली इंग्रजी नियतकालिके दुपारच्या निवांत वेळी चाळीत बसणे हा माझा एकमेव शौक होता. विज्ञानाला त्या वर्षांत जणू नवी दृष्टी आली होती. आईबापांकडून मुलांत काय उतरते, ते ज्या रेणूत साठवलेले असते त्याचा घाट कोणीतरी ओळखला होता. रक्ताला लाल करणाऱ्या प्रथिनाची साखळी दुवा दुवा सोडवली गेली होती, आणि त्या शेकडो दुव्यांपैकी केवळ एक बदलला की पेशी विळ्यासारखी वाकते, असे सिद्ध झाले होते. अशी माणसे आफ्रिकेत होती, ग्रीसमध्ये होती, निलगिरीत होती. नागपूरच्या डॉक्टरांनाही ती आपल्या भागात आढळली होती. लेखाच्या शेवटी आजाराची लक्षणे दिली होती. हातापायांच्या हाडांत अकस्मात उठणाऱ्या कळा. पिवळे डोळे. थकवा. अल्प आयुष्य.

मी नियतकालिक मिटले. माझ्या डोळ्यांसमोर शकुन उभी राहिली.

शकुन माझी धाकटी बहीण. कळ आली की ती गोधडीत तोंड खुपसून म्हणायची, "हाडं मोडून राह्यली गं माय." आई पंचफुला वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि तिचे पाय शेकायची. लोक म्हणत, वात आहे. वैद्यही तेच म्हणाला. वलगावहून मामाची ललिता मुद्दाम येऊन राहायची आणि तिचे पाय चेपीत बसायची, कारण ललिताच्या हातानेच शकुनला झोप लागे. वयात येण्यापूर्वीच शकुन गेली. तिचे डोळे शेवटपर्यंत हळदीच्या पाण्यासारखे होते.

विद्यार्थी गेल्यावर मी माझ्याच बोटाला सुई टोचली आणि थेंब काचेखाली बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याच पेशी वाकलेल्या होत्या. मला स्वतःची भीती वाटली नाही. बदललेला दुवा आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आलेला माणूस धडधाकट जगतो. त्याला कधी कळतही नाही. तो दुवा दोन्ही बाजूंनी आला तर मात्र शकुन होते.

आणि येत्या वैशाखात ललिताशी माझे लग्न ठरले होते.

आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात. हे लग्न कोणी ठरवले असे म्हणताच येत नाही. ते आमच्या लहानपणापासून घरात वावरत होते. मी मुळात अबोल. मनातले बोलायला मला सदैव शब्द अपुरे पडत, आणि ललितापुढे ते पडले तरी काही बिघडत नसे. मामा डोमाजी वलगावला थोडी शेती करीत. छपन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातल्या पत्रिका आणि पंचांग चुलीत घातले होते. "आता जोशी नाई, मुहूर्त नाई," ते सर्वांना सांगत, "रविवार पाहा आन उरकून टाका."

मी त्यांना निरोप धाडला, की लग्नापूर्वी एक तपासणी करायची आहे, ललिताला घेऊन या.

सुटीचा दिवस होता. प्रयोगशाळेत आमचे शिपाई नत्थुजी तेवढे होते. दारातल्या सांगाड्यापुढे मामा थबकले.

"हा कोन जी? तुमचा प्रिन्सिपल काय?"

"नाई बाप्पा," नत्थुजी म्हणाले, "फी न भरलेला पोट्टा हाय."

दोघे हसत व्हरांड्यात विडी ओढायला गेले. ललिता स्टुलावर बसली आणि बोट पुढे केले.

"दुखन काय?"

"मुंगी चावल्यासारखं."

"मंग ओरडीन मी. अवघं कॉलेज गोया होईन."

ती ओरडली नाही. काम लवकर व्हावे म्हणून थेंबात एका पांढऱ्या पुडीचे पाणी घालतात. शेंदूरजनाघाटकडच्या संत्र्यांचा रस टिकवायला जी वापरतात तिच्याच जातीची ती पूड. मी काच बंद केली आणि आम्ही वाट पाहत बसलो. ही तपासणी कशासाठी, ते मी तिला खरे सांगितले होते. तिने ते ऐकले होते आणि बाजूला ठेवले होते, जसे कोणी आभाळ भरून आले तरी वाळवण आत घेत नाही.

"तुमच्या खोलीची खिडकी उगवतीकडं हाय का मावयतीकडं?" तिने विचारले.

"उगवतीकडे."

"बरं हाय. चूल तिच्याखाली मांडू. सकायी उन्हात भाकर थापाले मजा येते."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल पेशी होत्या, पुष्कळ गोल पेशी होत्या. मी काच किंचित सरकवली. कडेला एक पेशी टोक काढून आडवी पडली होती. तिच्याशेजारी दुसरी. मग मला त्याच दिसू लागल्या.

"तुमचं तोंड काहून उतरलं?" ती म्हणाली. "सरका. मले पाहू द्या."

एक डोळा तळव्याने झाकून ती बराच वेळ पाहत राहिली.

"बाप्पा! हे तं इयावानी वाकडे झाले. माह्ये हायत हे?"

"तुझे. आणि माझेही असेच आहेत."

"आन शकुनचे?"

मी तिला समजावून सांगितले. माझ्या आईत आणि वडिलांत, दोघांतही हा दुवा असणार. आई आणि मामा एका कुशीतले. मामांकडून तो तुझ्यात आला असावा. आपले लग्न झाले, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक धोका. कदाचित कोणालाच होणार नाही. कदाचित पहिल्यालाच होईल. हे सारे मी वर्गात बोलावे तसे बोललो, कारण अन्य कोणत्याही आवाजात मला ते बोलता आले नसते.

"याले औषध?"

"अजून नाही."

"एवढी बारीक गोष्ट पाहाले आली त्याइले, आन औषध नाई?"

जगातल्या थोर प्रयोगशाळांपाशीही त्या वेळी ते नव्हते.

मामा आत आले. मी त्यांनाही सांगितले. त्यांनी काचेत पाहिले नाही. ते ललिताकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिले.

"भासे," ते म्हणाले, "बामनाची पत्रिका म्या चुलीत घातली. अन् तू आता काचेची पत्रिका घेऊन आला?"

"मामाजी, ही पत्रिका नाही. हे डोळ्यांना दिसतं."

"पिढ्यान्‌पिढ्या लोकं म्हनत आले, तुमचं रक्तच वंगाय. त्याइच्या तोंडावर थुकून आमी उठलो. अन् माह्या सख्ख्या बहिनीचा पोट्टा, शिकूनसवरून, दुर्बिनीत घालून तेच सांगून राह्यला?"

या वाक्याची मला भीती होती. मी सांगितले, की हे रक्त वाईट नाही. हे गोऱ्यांतही आहे, जिथे जिथे हिवताप होता त्या सर्व मुलखांत आहे. ज्यांच्यात हा दुवा एकेरी असतो त्यांना हिवताप सहसा मारत नाही. आपल्या पूर्वजांना तापाच्या साथींतून यानेच वाचवले असेल. हे कोणाचे पाप नाही, हे जगण्यासाठी दिलेले मोल आहे.

मामांनी शांतपणे ऐकून घेतले.

"अवघ्याइले वाचवलं," ते म्हणाले, "मंग माह्या शकुनले काहून नाई वाचवलं?"

ते व्हरांड्यात गेले. ललिताने विचारले, "याले हवा देली तं?"

"काचेखाली हवा गेली, की बहुतेक पेशी पुन्हा गोल होतात."

"मंग उघडा ना ते."

मी व्हॅसलीन खरवडून काच अलगद उचलली. आम्ही आळीपाळीने पाहत राहिलो. कोरडा पडत चाललेल्या थेंबाच्या कडेला काही विळे सैल झाले, भरले, गोल झाले. ती लहान मुलीसारखी हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा रडवेला झाला.

आम्ही पायऱ्यांवर येऊन बसलो. आवारात चिंचेची पाने गळत होती. मी आयुष्यात प्रथमच धीर करून बोललो. म्हणालो, मुले होऊ द्यायची नाहीत. त्याचे उपाय निघाले आहेत. आपण दोघेच राहू.

"आत्याबाईले नातू पाह्यजे," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "त्याइचं नाव काहून घेऊ? मलेच लेकरू पाह्यजे. तुमच्यासंगं खोटं नाई बोलवत."

"चारांतली तीन चांगली असू शकतात, ललिता."

"आन चौथं? शकुनचे पाय म्या चेपले. ते कसे लागत हातले, मले मालूम हाय. चौथ्याचे पाय कोन चेपन? मीच ना? अन् चेपताना मले मालूम राह्यन, का आपल्याले आधीच मालूम होतं."

तिने पदराला बोट पुसले. टोचल्याच्या जागी अजून लाल ठिपका होता.

"तुमी काहून पाह्यलं हो ते?" ती हळूच म्हणाली. "नसतं पाह्यलं तं वैशाखात आपलं लगन होतं."

घरी आईने सारे ऐकले. ती रडली नाही. म्हणाली, "मले कोनी आधीच सांगतलं असतं का माह्यात अन् तुह्या बापात हे हाय, तं मी बी लगनाले नाई म्हटलं असतं. मंग शकुनचे हाल झाले नसते." आणि माझ्या केसांतून हात फिरवून म्हणाली, "पन मंग तू बी नसता रे." या बोलण्याचे काय करावे, ते मला अद्याप कळलेले नाही. ज्या अज्ञानाने बहीण नेली, त्याच अज्ञानाने मला जन्म दिला होता.

वैशाख तसाच गेला. पुढच्या हिवाळ्यात मामा कॉलेजात आले. सांगाड्यापाशी ते थांबले नाहीत.

"अकोल्याचं ठिकान आलं हाय," ते म्हणाले. "प्रायमरीत मास्तर हाय. पोट्टा चांगला हाय. पन आमची पोट्टी म्हनते, आत्याबाईचा भगवंत पाहीन त्याचं रक्त, मंगच हो म्हनीन. तिले दुसऱ्या कोनाचा भरोसा नाई. जाशीन का?"

सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी मांडीवर घेऊन मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो. बाहेर कापूस फुटलेला होता.

धर्मपाल मास्तर स्टेशनवर सायकल घेऊन आला होता. मूळचे नाव धर्मा; दीक्षेनंतर त्याने ते धर्मपाल करून घेतले होते. पेटी त्याने कॅरिअरला नीट बांधली आणि म्हणाला, "हुंड्यात सायकल मांगनारे पाह्यले. रक्त मांगनारी नवरी पयल्यांदाच पाह्यली." तो मनापासून हसला. त्याचा राग यावा असे काही त्याच्यात शोधीत मी त्याच्यामागे चाललो.

त्याचे घर मातीच्या भिंतीचे, एका खोलीचे, लख्ख सारवलेले होते. त्याने न विचारता बोट पुढे केले. मी थेंब घेतला, पुडीचे पाणी घातले, कडा बंद केल्या. त्याने चहा केला. वाट पाहताना तो वर्गातल्या पोरांच्या गोष्टी सांगत होता आणि मी हुंकार देत होतो.

मग मी डोळा लावला. त्या वेळी काय दिसावे अशी माझी इच्छा होती, ते मी स्वतःला विचारले नाही. काच सरकवीत मी थेंबाचा कानाकोपरा पाहिला. मी दुसरा थेंब मागितला, आणि पुन्हा तेवढाच वेळ थांबलो. मग मी माझा थेंब घेतला, पूड अजून चांगली आहे ना हे पडताळण्यासाठी. माझ्या पेशी आज्ञाधारकपणे वाकल्या. त्याच्या गोलच राहिल्या. कपाशीच्या शेतावर पौर्णिमा उगवावी तशा, एकीशेजारी एक, गोल.

"सर," त्याने विचारले, "पास का नापास?"

"पास," मी म्हणालो. "लेकरांना काही भीती नाही."

त्याने सुस्कारा सोडला. मी काचा पुसून एकेक कागदात गुंडाळू लागलो. तो जरा घुटमळला.

"एक विचारू काय? तुमी तिच्या आत्याचे. लहानपनापासून वयखता. म्या तं तिले एकदाच पाह्यलं, तेही मान खाली घालून. तिले काय आवडते जी?"

मला पुष्कळ काही माहीत होते. त्यातले त्याला काय द्यावे, हे मला सुचेना.

"चूल खिडकीखाली मांडा," मी अखेर म्हणालो. "उगवतीकडच्या."

त्याने घरात सभोवार पाहिले. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून उतरते ऊन आत येत होते.

"ही तं मावयतीकडची हाय," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "काढू ना एक तिकडं! मातीचीच भित हाय." चुलीतला कोळसा घेऊन तो पूर्वेच्या भिंतीशी गेला आणि त्याने हात उंचावला. "इथं?"

मी पेटीचे झाकण लावले आणि त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"थोडी खाली," मी म्हणालो. "तिची उंची बेताची आहे."