मयत यादी

आमच्या हेल्पलाइनवर एक वाईट शब्द रुळला होता आणि तो रुळवला मीच. कंपनीनं एखाद्या घड्याळाला अपडेट देणं थांबवलं की साहेब त्याला 'सपोर्ट समाप्त मॉडेल' म्हणायचे. एवढं लांबलचक कोण बोलत बसणार? मी एकदा म्हटलं, "मयत." सगळे खो खो हसले आणि अख्ख्या मजल्यावर तेच सुरू झालं. भिंतीवर अशा मॉडेलांचा कागद चिकटवलेला होता, ती मयत यादी. पळणारी, पोहणारी, सायकलवाली माणसं फोनवर तावातावानं भांडायची, "अहो, पाचच वर्षं झालीत! काच शाबूत, पट्टा शाबूत, बॅटरी ठणठणीत, मग अपडेट का नाही?" आणि आम्ही म्यूटचं बटण दाबून एकमेकींना विचारायचो, "काय गं, जिवंत की मयत?"

त्या दिवशी बटण दाबलं गेलं नाही. मला वाटलं, दाबलं.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवर वयस्कर बाई होत्या, दम लागल्यासारखं बोलत होत्या. "ताई, आमचे मास्तर साडेपाचला पळायला गेलेत. आठच्या आत घरी असतात. अजून पत्ता नाही. एरवी माझ्या फोनमध्ये दिसतं ते कुठं आहेत ते, त्यांच्या घड्याळावरून. आज नुसती एक ओळ येतेय."

ती ओळ मला पाठ होती. या मॉडेलसाठी सेवा उपलब्ध नाही. मी घड्याळाचा नंबर घेतला, स्क्रीनवर टाकला आणि शेजारणीला म्हणाले, "हे तर मयत गं. आजच गेलं."

पलीकडून एकदम बारीक आवाज आला. "कोण गेलं?"

"नाही, नाही, काकू! घड्याळ, मी घड्याळाबद्दल बोलत होते!"

"घड्याळाला कुणी मयत म्हणतं का हो?"

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, एकदा नाही, चारदा. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते राहू दे. मास्तर कुठं आहेत तेवढं सांगा."

मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. साखरेचा त्रास, सकाळी इन्शुलिन टोचून निघायचे, खिशात बिस्किटाचा छोटा पुडा. फोन नेत नसत. घड्याळाला स्वतःचं सिमकार्ड होतं, दर दहा मिनिटांनी ते आपला ठिकाणा पाठवायचं, म्हणून तर पोरांनी ते घेऊन दिलेलं. गावामागं दगडाच्या जुन्या खाणी होत्या आणि तिथून तीन वाटा फुटत होत्या. शेजारचे दोघं मोटरसायकल घेऊन दोन वाटा बघून आले होते. पोलीस म्हणाले होते, थोडी वाट बघा.

"ताई, ते शेवटचं अपडेट घेतलं नाही म्हणून असं झालं का? घड्याळ रोज विचारायचं, आता की नंतर. त्यांनी तुमच्याकडंच फोन केला होता. एक बाई म्हणाल्या, खुशाल 'नंतर' दाबत राहा, काही बिघडत नाही. फार चांगल्या होत्या म्हणे बोलायला."

ती बाई मीच.

चार महिन्यांपूर्वी त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट आलं होतं. ते घेतलं की दिवसभर टिकणारी बॅटरी दुपारीच मान टाकायची. लोक चिडून फोन करायचे. आम्हाला सांगायला दिलेलं वाक्य एकच होतं, कृपया अपडेट घ्या. पण मला कुठलं राहवतंय! मी आवाज खाली आणून सांगायचे, "मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण 'नंतर' दाबा." तीसचाळीस जणांना तरी सांगितलं असेल. लोक आशीर्वाद द्यायचे आणि मी फुशारून जायचे. त्याच अपडेटमुळं घड्याळं नव्या सर्व्हरवर जाणार होती. न घेतलेली जुन्यावरच राहणार होती आणि जुना सर्व्हर एका ठरलेल्या दिवशी बंद होणार होता. तसं पत्रक आलं होतं. मी त्यावर चहाचा कप ठेवला होता.

ठरलेला दिवस आजचा होता. फोनवर दिसणं सकाळी बंद केलं होतं, सर्व्हर बाराला पुसणार होते. म्हणजे मास्तरांचं घड्याळ अजून ठिकाणा पाठवत असेल तर तो जुन्या सर्व्हरवर येऊन पडत होता. बघणारं मात्र कुणी नव्हतं.

मी काकूंना माझा स्वतःचा मोबाइल नंबर दिला आणि तिसऱ्या मजल्यावर धावले. तिथं आमचा फ्यूज बसतो. जुनं जुनं बंद करायचं काम त्याच्याकडं, म्हणून हे नाव. माणूस निवांत. म्हणाला, "कुणाचाही ठिकाणा असा उघडता येत नाही. साहेबांची लेखी परवानगी आण. आणि लवकर आण, मी पावणेबारालाच सुरू करणार आहे. जेवायच्या आधी उरकून टाकतो."

"पाच मिनिटं थांबशील?"

"कागद आण, थांबतो."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही, पण कागदाशिवाय त्यांचा घास उतरत नाही. "आपण तीन सूचना पाठवल्यात. त्यांनी अपडेट घेतलं असेल तर ते नव्या सर्व्हरवर असतील, आणि तिथं तर ते दिसत नाहीत. घड्याळ नुसतं बंदही पडलं असेल. जुन्यावर असतील कशावरून?"

"आहेत, साहेब."

"कशावरून? मला कारण लिहावं लागेल."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा अडतीस झाले होते. एकोणीस वर्षांची नोकरी, घरी पडून असलेली आई, सगळं डोळ्यासमोरून गेलं. मी मनात पटकन दोनतीन कारणं जुळवूनही बघितली, खोटं कशाला बोलू? एकही धड उभं राहीना.

"लिहा," मी म्हटलं. "अपडेट घेऊ नका असं मीच सांगितलं होतं. एकट्या मास्तरांनाच नाही, बऱ्याच जणांना. फोनचं रेकॉर्डिंग असेल, काढून ऐका."

साहेबांचा पेन थांबला. "तुम्हाला कळतंय ना, काय बोलताय?"

"कळतंय हो! तुम्ही आधी लिहा, मग मला काय करायचं ते करा!" मी साहेबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी लिहिलं. वळणदार अक्षरात, शिरोरेघा देऊन. मला तो पेन हिसकावून घ्यावासा वाटत होता.

वर पोचले तेव्हा अकरा शेहेचाळीस झाले होते आणि फ्यूजनं पुसायला सुरुवात केली होती. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकत होती. "थांबव!" मी दारातूनच किंचाळले. त्यानं कागद बघितला, खालचं कारण वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि त्याचा निवांतपणा कुठल्या कुठं गेला. "चार भागांपैकी एक गेला," तो म्हणाला. "नंबर सांग."

मी नंबर सांगितला. एक आकडा चुकला. परत सांगितला.

मास्तर उरलेल्या तीन भागांत होते. शेवटचा ठिकाणा अकरा एकेचाळीसचा. त्याच्या आधीचा अकरा एकतीसचा, तिथलाच. फ्यूज मागं मागं गेला. सात एकवीसपासून घड्याळ एकाच जागी होतं. चार तास.

मी काकूंना फोन लावला, जागा समजावून सांगितली. खाणीच्या उत्तरेला, जुन्या वजनकाट्याच्या खोलीमागं. त्या म्हणाल्या, "तिथं तर खड्डा आहे. तिकडं कुणी गेलंच नाही." मग त्यांनी फोन न ठेवताच शेजाऱ्यांना हाक मारली. ती हाक अजून माझ्या कानात आहे.

फ्यूज जेवायला गेला नाही. दोघंही त्या गार खोलीत बसून राहिलो. साडेबारा झाले, पाऊण झाला. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. एक वाजायला पाच कमी असताना फोन वाजला.

"सापडले," काकू म्हणाल्या. "पाय मोडलाय. साखर पार खाली गेलीय, डोळे उघडत नाहीत, पण श्वास आहे. बिस्किटाचा पुडा वर पडला होता हो, हाताला येईना अशा जागी." आणि मग त्या रडल्या. मीही रडले. फ्यूज भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. पंधरा दिवसांत मला घरी बसवलं. तक्रार नाही, माझं मीच ओढवून घेतलं होतं. जाण्याआधी मी भिंतीवरची ती यादी फाडली आणि ज्यांना ज्यांना 'नंतर' सांगितलं होतं त्यांना फोन करायला साहेबांना भाग पाडलं.

तीन महिन्यांनी मोबाइलवर अनोळखी आवाज आला. "नमस्कार ताई. मी मास्तर. डॉक्टरांनी उद्यापासून हळूहळू पळायला सांगितलंय. तर विचारायचं होतं, ते अपडेट आता घेऊ का?"

"मास्तर, ते अपडेट आता कुठंच नाही. तुमचं घड्याळ नुसती वेळ दाखवेल."

"मग आता?"

अशा वेळी सांगायचं वाक्य मला पाठ होतं, कृपया नवीन मॉडेल पाहा. ते काही तोंडातून निघेना. "निघताना मला फोन करा," मी म्हटलं. "कुठल्या वाटेनं चाललात ते सांगा. घरी पोचलात की परत करा. आणि जाताना फोन खिशात ठेवा, कळलं?"

"हा सपोर्ट किती वर्षं?" मास्तर म्हणाले. "नाहीतर पाच वर्षांनी म्हणाल, समाप्त."

"मी मयत यादीत जाईपर्यंत," मी म्हटलं.

काकूंनी त्यांना सगळं सांगितलेलं असणार. ते मोठ्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला फोन आला, "निघालो, तळ्याच्या वाटेनं." आठपर्यंत परत येणार होते. साडेसातपासून मी फोन समोर ठेवून बसले. आठ वाजले. आठ वाजून एक, दोन, तीन. चौथ्या मिनिटाला तो वाजला आणि मी मास्तरांना असं झापलं की आई आतून विचारायला लागली, कोण आहे गं.